मुलूख दाखवणारे मारोतीभाऊ

दक्षिणेकडे जाणाऱ्या लांबच्या गाड्या बल्लारपूरला जरा टेकतात. लोक उतरून पाण्याच्या बाटल्या भरतात, चहा घेतात, पाय मोकळे करतात. तेवढ्या वेळात पांढरा पायजमा, अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि खांद्यावर दुपट्टा अशा वेशातला एक उंच म्हातारा डब्याडब्याच्या खिडकीशी जाऊन विचारत सुटायचा, "कुठी चाल्ले?"

कुणी सांगायचं तिरुपती, कुणी हैदराबाद.

"जा ना, बिलकुल जा. पन मार्कंडा पाह्यलं का? नाई? अरे बाप्पा, इथून घंटाभराची वाट, अन् तुम्ही झोपून चाल्ले!"

हे आमचे मारोतीभाऊ. कागद कारखान्यातून रिटायर झालेले, माझ्या घराला भिंत लागून राहणारे. "घंटाभराची वाट" हे त्यांचं अंतराचं एकुलतं एक माप. मार्कंडा घंटाभर, आलापल्ली घंटाभर, आणि जिथे पोचता पोचता कंबर बसते ते सिरोंचासुद्धा घंटाभरच. प्रवाशांना वाटायचं, हा कुठल्या तरी हॉटेलचा माणूस असावा. एकाने तर सरळ विचारलं, "रूमचा रेट काय?" भाऊ घरी आले ते पाय आपटतच.

"सुधीर, मी धंदा करून राह्यलो का गा? काऊन इचारलं असन त्यानं मले असं?"

पुढे काही दिवस ते स्टेशनकडे फिरकले नाहीत. मग राग ओसरला आणि पुन्हा खिडक्या सुरू झाल्या.

आणि एकदा खरोखरच एक जोडपं उतरलं. नाशिककडचे शिक्षक नवरा-बायको, नुकतेच निवृत्त झालेले, नागपूर पाहून हैदराबादला फिरायला निघालेले. भाऊंच्या बोलण्यात काय जादू होती कोण जाणे, ते दोघं बॅगा घेऊन फलाटावर उतरले आणि गाडी निघून गेली. भाऊ त्यांना मिरवत आमच्या गल्लीत घेऊन आले आणि माझ्या दुकानासमोर उभं करून म्हणाले, "सुधीर, जीप काढ." माझं विजेच्या सामानाचं दुकान, आणि दारात एक जुनी जीप. त्या जीपपायीच या सगळ्यात मी गोवला गेलो. कुसुमबाई, म्हणजे भाऊंची बायको, तेव्हा होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला आणि पाहुण्यांसाठी भात टाकला. ते जोडपं चांगलं आठवडाभर राहिलं, हैदराबादला गेलंच नाही.

भाऊंची माहिती मात्र विचारू नका. आलापल्लीच्या सागाचं वय ते दरवेळी वाढवून सांगायचे. मार्कंड्याची देवळं कुणी बांधली याची त्यांच्याकडे तीन उत्तरं होती, आणि तिन्ही त्यांनी स्वतः तयार केलेली. मी एकदा टोकलं, "भाऊ, मागच्या वेळी तं तुम्ही राक्षसानं बांधली म्हनून सांगतलं होतं." ते जराही न अडखळता म्हणाले, "पाह्यनारा कोन आहे ते पाहून सांगाव लागते." पण पाहायचं कसं हे ज्याने त्यांच्याकडून शिकून घेतलं त्याला माहितीची गरज उरायची नाही.

त्यांचं म्हणणं होतं, जागेला तोंड असतं. माणसाच्या पाठीमागून जाऊन कुणी त्याला नमस्कार करतं का? मग जागेशी असं कसं वागता? मार्कंड्याला थेट देवळापर्यंत डांबरी रस्ता आहे, चामोर्शीवरून सगळे तिकडूनच जातात. भाऊ तिकडून जाऊच द्यायचे नाहीत. वैनगंगेच्या अलीकडच्या काठावर जीप सोडायची, वाळू तुडवायची, ढिवराच्या, म्हणजे आमच्याकडच्या कोळ्याच्या, डोंग्यात बसायचं आणि नदीतून जायचं. "नदी इथी उलटी फिरते, उत्तरेकडं वाह्यते. काऊन फिरली? देवाचं तोंड पाह्यले फिरली. मंग तू बी तिच्यासंगंच जा ना."

आणि खरं सांगतो, सकाळचं पाणी अजून धुरकट असताना डोंगा वळण घेतो आणि समोर काठावर ती काळीसावळी शिखरं एकामागून एक उभी राहायला लागतात, तेव्हा मी शंभरदा पाहिलेलं असूनही माझ्या अंगावर काटा येतो. आधी एक, मग त्याच्यामागून दुसरं, मग सगळा कळपच! भिंतीवरच्या मूर्तींवर ऊन सरकत सरकत येतं, आणि एकेकीला जाग येतेय असं वाटतं. रस्त्याने गेलं की यातलं काही दिसत नाही. आधी चपलांचा ढीग दिसतो, मग देऊळ.

"छान" या शब्दावर त्यांचा भयंकर राग. त्यांच्या साडूंचा मुलगा नागपूरहून आला होता, त्याला आम्ही ताडोब्याला नेलं. पोरगा दिवसभर वाघ वाघ करत होता. वाघ काही दिसला नाही. तळ्याच्या काठावर थांबलो, समोर पाण्यात मगर सुळसुळ गेली, पलीकडे सांबरं पाणी पीत होती, आणि सगळं जंगल उलटं पाण्यात. पोरगा म्हणाला, "छान आहे." भाऊ सरळ जीपमध्ये जाऊन बसले.

"काय झालं भाऊ?"

"त्याचं पाहून झालं ना. छान म्हनलं म्हंजे झालंच. चाल आता."

वाघाबद्दल ते फारसं चांगलं बोलत नसत. वाघामुळे लोक बाकी काही पाहत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. ताडोब्याहून परतणारा कुणी भेटला आणि "वाघ नाही दिसला हो" म्हणाला, की भाऊ विचारायचे, "तळं तं होतं ना जागेवर? का तेबी नव्हतं?"

कुसुमबाई गेल्या आणि भाऊ एकटे पडले. एका उन्हाळ्यात, आमच्याकडचा तो उन्हाळा, ते भर दुपारी अंगणात चक्कर येऊन पडले. मीच दवाखान्यात नेलं. मुलगा प्रशांत पुण्याला कंपनीत आहे, तो धावत आला. त्याने ठरवूनच टाकलं की बाबांना आता पुण्याला न्यायचं. त्याचं काय चुकत होतं? छातीचं दुखणं निघालेलं, घरात दुसरं माणूस नाही, गोळ्या वेळेवर घेतात की नाही ते कुणी पाहायचं? मी शेजारी, पण दुकान सोडून किती लक्ष देणार. त्याने तिकडे त्यांच्यासाठी वेगळी खोलीसुद्धा लावून ठेवली होती.

भाऊ नाही म्हणाले नाहीत, हीच गंमत. ते म्हणाले, "येतो ना. काऊन नाई येनार? लेकाकडं नाई तं कुठी जाईन? पन सूनबाईनं आपला मुलूखच नाई पाह्यला. तिले दाखवल्याबिगर कसा येऊ? लोक काय म्हनतीन? दिवाळीले घेऊन ये तिले, मार्कंडा दाखवतो, मंग येतो."

सून मधुरा. पुण्यातच वाढलेली, बँकेत नोकरीला. लग्नानंतर एखाद-दुसरा दिवस आली असेल तेवढीच. तिला मुलूख दाखवायच्या नावाखाली भाऊंनी सहा महिने मिळवले होते, हे मला कळत होतं आणि प्रशांतलाही कळत होतं.

दिवाळीला ते दोघं निघाले तेव्हा पहाटेच भाऊंनी प्रशांतला फोन लावला. मी समोर बसलो होतो. "माजरी आली का? नाई? मंग सूनबाईले झोपू दे. बल्लारपूरशिवाय उठवू नको." माजरीच्या खाणींचे मातीचे ढिगारे तिला आधी दिसू नयेत म्हणून ही सगळी खटपट. गाडीतून उतरल्या उतरल्या मधुराने विचारलं, "बाबा, वाटेत ते काळे डोंगर कसले होते? धुक्यात काय मस्त दिसत होते!"

भाऊंचं तोंड उतरलं. "ते आपल्यातले नाई. ते मोजू नको," एवढंच म्हणाले.

मार्कंड्याला मधुरा डोंग्यात बसायला घाबरत होती. ढिवराच्या बायकोने तिला हात दिला, म्हणाली, "बस वो बाई, मी पोरं घेऊन बसतो याच्यात." वळण आलं, शिखरं दिसायला लागली.  भाऊ नदीकडे पाहत नव्हते, तिच्या तोंडाकडे पाहत होते. ती आता छान म्हणणार, अशी भीती मलाच वाटत होती. ती तसं म्हणाली नाही. काठाला लागल्यावर म्हणाली, "बाबा, परत एकदा जाऊ या का? तिकडून परत?"

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू! ढिवराला त्यांनी डोंगा फिरवायला लावला, आणि आम्ही वरात निघाल्यासारखे पुन्हा अर्ध्या नदीत गेलो आणि पुन्हा आलो.

घरी आल्यावर प्रशांतने बाबांचं सामान भरायला बॅग काढली. भाऊ म्हणाले, "आलापल्ली राह्यलं." झालं, पुण्याला जाणं पुढच्या दिवाळीवर गेलं.

आलापल्लीला जुन्या सागाचं राखलेलं जंगल आहे. तिथे झाडाकडे पाहायचं तर उभं राहून पाहून चालत नाही, मान मोडते आणि झाड संपत नाही. भाऊंची रीत अशी की सरळ जमिनीवर उताणं पडायचं. सागाची वाळकी पानं पापडासारखी कडकड वाजतात, त्यांच्यावर पाठ टेकायची आणि हलायचं नाही. खोडं वर जातात, जातात, जातातच, आणि पार टोकाला पानांच्या मधून बोटभर आभाळ दिसतं. वारा वरच असतो, खाली पान हलत नाही. त्या दुसऱ्या दिवाळीत आम्ही चौघे असे रांगेने पडलो होतो. मधुरा हसत होती, "बाबा, मला चक्कर येतेय, मी वर पडते आहे असं वाटतंय!" भाऊ ओरडले, "तेच! तेच म्हंतो मी! पड वरतं!"

मग उठायची वेळ आली आणि त्यांना उठता येईना. छाती धरून ते कुशीवर वळले, चेहरा घामाने डबडबला. गोळी जिभेखाली ठेवली, त्यांना तसंच पडू दिलं. जरा वेळाने रंग परत आला. पण प्रशांत पार हादरला होता. पुण्याची भाषा त्याच्या तोंडून गळून पडली. "बस झालं बाबा! तुमाले मराचं आहे का जंगलात? मी तिकडं रोज फोन पाह्यतो, रोज भेतो, समजते का तुमाले?"

आपला पोरगा घाबरलेला त्यांनी पहिल्यांदा पाहिला असावा. ते खाली मान घालून बसले. मग म्हणाले, "एकच राह्यलं. सिरोंचा. ते सूनबाईले दाखवू दे, मंग तू म्हनशीन तवा येतो. जबान देतो."

भाऊ जबान देत नसत, आणि दिली तर फिरवत नसत. ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्यामुळे पुढचं वर्षभर माझ्या मनाला हुरहुर लागून राहिली. त्या वर्षी ते स्टेशनवर कमी गेले. घराला रंग दिला नाही. संध्याकाळी अंगणात बसून मला म्हणायचे, "पुन्यात पाह्यले काय आहे गा?" मी म्हणायचो, "भाऊ, तिकडं किल्ले आहेत, डोंगर आहेत." ते म्हणायचे, "असतीन." त्या एका शब्दात त्यांनी सह्याद्री निकालात काढला.

तिसरी दिवाळी. सिरोंच्याच्या पुढे, सोमनूरला, इंद्रावती येऊन गोदावरीला मिळते. वाटेत लोकांची भाषा तेलुगू झाली. भाऊंना तेलुगूचा एकच शब्द यायचा, "चूडंडी", म्हणजे "पाहा". चहावाल्या बाईला चहा मागताना ते चूडंडी म्हणाले, टायरवाल्याला चूडंडी म्हणाले, आणि दोघांनीही त्यांना काय हवं ते बरोबर दिलं.

आणि मग तो संगम! माझ्याने नीट सांगवत नाही. वाळूवरून चालत चालत गेलो आणि एकदम पुढे जमीनच नाही, नुसतं पाणी. डावीकडून एक नदी येते, उजवीकडून दुसरी. पलीकडचा एक काठ छत्तीसगड, दुसरा तेलंगण, आणि आपण महाराष्ट्राच्या अगदी शेवटच्या चिमूटभर वाळूवर उभे! दोन्ही पाण्यांचा रंग वेगळा, आणि ती लगेच मिसळत नाहीत, बराच वेळ शेजारी शेजारी चालतात. एवढं मोठं आभाळ मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. आपल्या राज्यात हे आहे आणि लोक गाडीत झोपून जातात, या विचाराने त्या दिवशी मलाही भाऊंसारखाच संताप आला.

मधुरा साडी खोचून गुडघाभर पाण्यात गेली होती. भाऊ तिच्या मागे काठावर उभे. त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं.

"झालं बाई. सारं दाखवलं तुले. आता आपलं काई नाई राह्यलं." मग प्रशांतकडे वळून म्हणाले, "परवाची गाडी आहे ना? चाल. सामान थोडंच आहे माह्यं."

 प्रशांतला हवं होतं तेच झालं होतं, आणि तो वाळू पायाने उकरत उभा होता. मी दुसरीकडे तोंड केलं. मला रडू येत होतं, लपवत कशाला बसू.

मधुरा पाण्यातूनच म्हणाली, "बाबा, तुम्ही मला अर्धवटच दाखवलंत."

"आँ?"

"आम्ही तिन्ही वेळा दिवाळीतच आलो. नदी अशी अंग चोरून पडलेली. पावसाळ्यात हे कसं दिसतं? सागाला फुलं येतात म्हणालात ना, मला कुठे दिसली? मार्कंड्याला पाणी पायऱ्यांना लागतं म्हणालात, मी वाळूच पाहिली. हे नाही चालणार. पावसाळा दाखवल्याशिवाय मी तुम्हाला पुण्याला नेणार नाही."

भाऊ तिच्याकडे पाहतच राहिले. 

"पावसाळ्यात," ते चाचरत म्हणाले, "पावसाळ्यात इकडचा रस्ताच बंद असते, बाई."

"मग उघडेपर्यंत थांबावं लागेल," मधुरा म्हणाली. तिने प्रशांतकडे पाहिलं. प्रशांतने वाळू उकरणं थांबवलं आणि हळूच मान हलवली. मग हसला. मग आम्ही सगळेच हसायला लागलो, आणि भाऊ दोन्ही नद्यांकडे हात करून "चूडंडी! चूडंडी!" असं ओरडत सुटले. पलीकडे जाळं टाकणाऱ्या माणसाने खरंच वर पाहिलं.

प्रशांतने परत जाण्याआधी एक बाई घरी येऊन राहील अशी सोय लावली, डॉक्टरला रोज फोन करायचं ठरलं, आणि गोळ्यांची जबाबदारी माझ्या बायकोवर आली. हे सगळं पहिल्याच वर्षी सुचलं असतं, पण तेव्हा कुणाला मधुरासारखं भाऊंच्या भाषेत बोलता येत नव्हतं.

ऑगस्टात मधुरा एकटीच रजा घेऊन आली. ती आमची शेवटची फेरी ठरली. त्या दिवाळीच्या आतच भाऊ गेले, बल्लारपुरात, आपल्या अंगणात, सकाळच्या उन्हात बसल्या बसल्या. पुढे बराच काळ मला स्टेशनच्या बाजूला जावंसं वाटलं नाही.

पण त्या ऑगस्टात ते भलतेच टवटवीत होते. सागाला फुलं आली होती, सगळ्या जंगलावर साय धरल्यासारखा पांढुरका रंग. आलापल्लीच्या पुढे निघालो तर एका नाल्याचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, पाण्याखाली. लाल पाणी, त्यात आख्खी झाडं वाहत चाललेली, आणि आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. अलीकडे एसटी थांबलेली, ट्रक थांबलेले, मोटरसायकलवाले छत्र्या धरून वैतागलेले. मागे फिरावं तर मागच्या नाल्यालाही पाणी चढल्याचं एसटीच्या ड्रायव्हरने सांगितलं. सगळे कपाळाला आठ्या घालून पाण्याकडे पाहत होते. एकटे भाऊ पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून त्या गर्दीत हिंडत होते आणि एसटीतल्या लोकांना खिडकीतून सांगत होते, "उतरा ना खालतं! बसून काय राह्यले? असं पानी वर्साभर पाह्यले भेटत नाई!"

आणि लोक उतरले. डोक्यावर पोती घेतलेल्या बाया, कंडक्टर, एक नवी नवरी, सगळे येऊन काठावर उभे राहिले.

तेवढ्यात मधुराचा फोन वाजला. कधी नव्हे ती रेंज आली होती. प्रशांत विचारत होता, कुठे आहात, बाबा बरे आहेत ना, परत कधी निघणार? मधुराने फोन भाऊंच्या हातात दिला.

भाऊंनी तो दोन्ही हातांनी धरला. पाऊस त्यांच्या तोंडावरून ओघळत होता. घरात मूल झाल्याची बातमी सांगावी तशा आवाजात ते ओरडले,

"रस्ता बंद आहे रे प्रशांत! इकडूनबी बंद, तिकडूनबी बंद!"